दया : नैमित्तिक आणि नित्य

रामेश्वरासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवही आपल्या परिचयाचे आहेत. भूतदयेचा विषय निघाला की आम्हां मराठी माणसांना या दोन कथा हटकून आठवतात. दोहोंत एक साम्य आहे. तेथे दया एका प्रसंगात पूर्ण होते. कावड एकदा रिती झाली, पोळीला तूप एकदा लागले, की कर्तव्य संपले. परंतु ज्या जिवाची तहान रोज परत येते, त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय? शास्त्रकारांनी कर्मांची नित्य आणि नैमित्तिक अशी विभागणी केली. दयेला यांपैकी कोठे बसवावे, हा प्रश्न आम्हांस येथे एका लहानशा, घरगुती उदाहरणाच्या आधारे मांडावयाचा आहे. ते उदाहरण मधुमेह झालेल्या मांजराचे.

मांजराला मधुमेह होतो हे ऐकून हसणारे लोक अजूनही भेटतात. निपाणी-बेळगावकडील जुन्या वाड्यांत मांजर होते ते धान्याच्या कोठीसाठी. उंदीर धरावेत, उरलेसुरले खावे, माळ्यावर निजावे, असा त्याचा दिनक्रम. आता वाडे गेले, कोठ्या गेल्या. मांजर बंद दारांच्या घरात आले, त्याची नसबंदी झाली, वाटी सदैव भरलेली राहू लागली. मूळचा मांसाहारी असलेला हा प्राणी दूधभात आणि बिस्किटांवर लठ्ठ होऊ लागला. मांजरांचा मधुमेह बहुधा माणसांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. लठ्ठपणा, बैठे आयुष्य आणि उतारवय यांनी त्याचा धोका वाढतो. नसबंदी केलेल्या बोक्यांत तो अधिक आढळतो. तहान अतोनात वाढते, लघवी वाढते, भरपूर खाऊनही अंग झडते. काही मांजरे तर मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात.

प्रत्येक आजारी मांजराबाबत तसे म्हणता येणार नाही, पण पुष्कळ वेळा या दुखण्यात आपल्या लाडाचा वाटा असतो. तेव्हा उपचाराला दया म्हणण्यापेक्षा ऋण म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. आणखी एक ऋण याहून जुने आहे. स्वादुपिंड काढले की मधुमेह होतो, हे 1889 मध्ये कुत्र्यावरील प्रयोगात दिसून आले. टोरांटो येथे 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी प्रयोग केले तेही कुत्र्यांवरच. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तेथील पहिले इन्सुलिन टोचले गेले, आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगातील मधुमेही गायी व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या औषधावर जगले. मांजराचे इन्सुलिन आणि गायीचे इन्सुलिन यांत अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे. ज्या घरच्या फ्रिजमध्ये आजोबांचे इन्सुलिन ठेवलेले असते, त्या घराने मुक्या प्राण्यांकडून काही घेतलेले आहे, हे विसरून चालणार नाही.

आता या उपचाराचे स्वरूप पाहावे. साधारणपणे दर बारा तासांनी, खाणे झाल्यावर, कातडीची घडी धरून सुई टोचावी लागते. मात्रा एक-दोन युनिटांची, म्हणजे सिरिंजवर जेमतेम रेघभर. आपल्याकडे 40 आणि 100 अशा दोन तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. 100 चे औषध 40 च्या सिरिंजमध्ये भरले तर मात्रा अडीच पट होते, आणि तेवढ्याने मांजर दगावू शकते. इन्सुलिन जास्त झाले, किंवा मांजराने खाल्ले नसताना दिले गेले, तर साखर झपाट्याने उतरते. जनावर झोकांड्या खाते, त्याला झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळून तडक डॉक्टरांकडे न्यावे लागते. म्हणून मात्रा ठरवावी ती पशुवैद्याने, आणि घरी साखर तपासावी ती पाळणाऱ्याने.

घरीच का, याचे कारण मार्मिक आहे. भ्यालेल्या मांजराची साखर केवळ भीतीने वर चढते. निपाणीहून टोपलीत घालून कोल्हापूरला किंवा बेळगावला नेलेल्या मांजराच्या रक्तात जो आकडा दिसतो, त्यात रोग किती आणि महामार्गाची धास्ती किती, हे सांगणे कठीण. घरी मात्र कान ऊबदार फडक्याने शेकावा, कडेला बारीक टोचावे, मोहरीएवढा थेंब पट्टीवर घ्यावा. माणसांसाठीचे यंत्र मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवते, म्हणून कोणते यंत्र वापरतो तेही डॉक्टरांना सांगावे.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो. ज्याला संमती देता येत नाही, त्याला रोज टोचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आक्षेप खरा आहे. लहान मुलाला आपण टोचतो तेव्हा ते पुढे मोठे होऊन समजून घेईल, अशी आशा असते. मांजर कधीच समजून घेणार नाही. आमच्या मते याचे उत्तर त्या थेंबातच आहे. मुक्या जिवाला विचारण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोजणे. न मोजता दिलेले औषध हा हुकूम असतो. मोजून दिलेल्या औषधात निदान विचारपूस तरी असते. काही मांजरांचा मधुमेह, वेळेवर उपचार आणि कमी कर्बोदकांचा आहार मिळाल्यास, काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो आणि इन्सुलिनची गरजच उरत नाही. जो मोजत नाही त्याला हे कळत नाही. तो प्रेमानेच टोचत राहतो आणि प्रेमानेच जीव धोक्यात घालतो. मदत कधी थांबवावी हे ज्या दयेला कळत नाही, ती दया दुसऱ्याकडे पाहतच नसते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. निपाणीत विड्या वळून ज्यांनी आयुष्य काढले, त्या बायकांतही मधुमेही आहेत. त्यांच्या औषधाची भ्रांत असताना मांजरावर खर्च करावा काय? आम्ही हा प्रश्न झटकून टाकणार नाही. सरकारी दवाखान्यात रुग्णांसाठी आलेले औषध मांजराकडे वळता कामा नये, आणि एकाच घरात माणूस व मांजर यांच्यात निवड करण्याची वेळ आली, तर माणूस आधी. परंतु मांजराचा खर्च टाळल्याने तो पैसा आपोआप त्या बाईच्या हाती पडत नाही. तिचा हक्क स्वतंत्र आहे, आणि तो मांजर नसलेल्या घरांवरही तितकाच आहे.

आणि ज्याला हे सारे झेपत नाही, त्याने काय करावे? मुले पुण्या-बंगळुरात वा परदेशात, घरात दोन वृद्ध माणसे, हात कापणारा, दृष्टी मंद झालेली. ही स्थिती आपल्यापैकी अनेकांची आहे. येथे गांधीजींचे स्मरण होते. 1924 साली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. त्याच दिवसांत तेथे गोरक्षा परिषदही झाली. पुढे चार वर्षांनी साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरण देवविले आणि देशभरातून रोष ओढवून घेतला. त्या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, त्यामागील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी शुश्रूषा झाली, आशा संपल्याची खात्री झाली, मग निर्णय झाला, आणि तो उघडपणे स्वीकारला गेला. याच्या उलट टोक म्हणजे मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येणे. आपल्याकडे ही रीत जुनी आहे, आणि मरण दिले नाही एवढ्यावर मन समाधान पावते. मधुमेही मांजराच्या बाबतीत त्या समाधानाला काहीच आधार नाही.

मांजर मेले तर सोन्याचे मांजर काशीला दान द्यावे, अशी समजूत आपल्याकडे होती. प्रायश्चित्तसुद्धा एकदाचे उरकणारे! इन्सुलिन असे उरकत नाही. ते नित्यकर्म आहे, आणि नित्यकर्माचे ओझे आपल्या वाडवडिलांनी एकट्याच्या खांद्यावर कधी ठेवले नव्हते. घरचा कर्ता परगावी गेला तर देवाची पूजा शेजारी करीत असत. पळी-पंचपात्र कोठे आहे ते त्यांना ठाऊक असे. ज्या घरात मधुमेही मांजर आहे, त्या घराने औषध कोठे ठेवले आहे, सिरिंज कोणती, कान कसा धरावा, हे शेजारच्या एखाद्या मुलाला शिकवून ठेवावे. आणि घरात नवे पिल्लू आणण्यापूर्वी, त्याच्या दहाव्या वर्षी हे कोण करील, याचा विचार करावा.