रायफल किती वेळा साफ करावी?

मननासाठी शास्त्रभाग : योहान १३:१-११, इफिस ४:२५-३२, १ योहान १:५-१०



मथळा वाचून कोणी म्हणेल, मंडळीच्या मासिकात रायफलीचे काय काम? परंतु बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि फौजेत नोकरी करून निवृत्त झालेले बांधव आपल्या मंडळ्यांतूनही आहेत. त्यांना हा प्रश्न नवा नाही. पौलानेही शिपायाच्या अंगावरील एकेक वस्तू घेऊन विश्वासणाऱ्यांना शिकवण दिली. शस्त्राचा गौरव करावा हा येथे हेतू नाही. शस्त्राची निगा राखणाऱ्या शिपायाकडून आत्म्याची निगा शिकावी, एवढाच आहे.

१९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या सैन्यात जुन्या .३०३ रायफलीच्या जागी इशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे एसएलआर, आली. पुढे १९९० च्या दशकात तिची जागा इन्सासने घेतली. .३०३ मध्ये प्रत्येक गोळीनंतर शिपाई आपल्या हाताने बोल्ट मागेपुढे करी. एसएलआरमध्ये हे काम गोळीच्या दारूतून निघालेला वायूच करतो. नळीला असलेल्या बारीक छिद्रातून थोडा वायू वर येतो, दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवे काडतूस आत बसते. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो. म्हणूनच हिला अर्धस्वयंचलित म्हणतात.

आता पाहा, ज्या वायूने ही रायफल चालते, तोच वायू आपल्या मागे काजळी ठेवून जातो. रायफल मळते ती बिघडली म्हणून नव्हे, तर वापरली म्हणून. सेवा करणाऱ्याचेही असेच आहे. वर्ग घेताना शब्द कडक जातो, पंच मंडळींच्या सभेत मन दुखावते, गायनात आपला आवाज वर निघाल्याचा अभिमान वाटतो. काम प्रभूचेच असते, तरी काजळी साचते.

मग साफ कधी करावी? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांकडे एम-१ गॅरंड ही अर्धस्वयंचलित रायफल होती. तिच्याविषयीचा नियम असा, की गोळी झाडली त्याच दिवशी, उशिरात उशिरा संध्याकाळपर्यंत नळी साफ झालीच पाहिजे, आणि पुढेही तीन दिवस ती रोज पुसावी. त्यास कारण होते. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतील मिश्रणातून नळीत एक प्रकारचे मीठ उरत असे. हे मीठ हवेतील ओलावा ओढून घेई आणि पोलाद गंजू लागे. इफिसच्या मंडळीला पौल रागाविषयी हेच सांगतो : सूर्य मावळेपर्यंत तो मनात ठेवू नका. आज रात्री जे एका शब्दाने निघाले असते, ते वर्षभर राहिले तर पोलाद खाऊन टाकते. एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेणारे, पण एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ आपण पाहिले नाहीत काय?

आणखी एक गोष्ट. हे मीठ तेलाने विरघळत नाही. त्याला पाणीच लागते. म्हणून जुने शिपाई नळीत आधी कढत पाणी ओतीत, मग ती कोरडी करीत, आणि शेवटी तेलाचा हात देत. मिठावर तेल लावले तर नळी चकाकते खरी, पण आत गंज चालूच राहतो. पुष्कळदा आपणही असेच करतो. ज्याचे मन दुखावले त्याची क्षमा मागत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याशी गोड बोलतो. देवापुढे पाप नाव घेऊन कबूल करीत नाही, पण दानपेटीत थोडे अधिक टाकतो. योहान सांगतो की, प्रथम कबुली, मग शुद्धी. हा क्रम उलटा करता येत नाही.

एसएलआरच्या वायूमार्गाला एक नियामक असतो. काजळीने रायफल जड चालू लागली, तर तो फिरवून दट्ट्याला अधिक वायू देता येतो. अडचणीच्या वेळी ही सोय मोठी आहे. परंतु ती सफाई नव्हे. प्रार्थना कोरडी पडली म्हणून आणखी एक समिती, आणखी एक कार्यक्रम अंगावर घेणारा सेवक केवळ जोर वाढवीत असतो. एक दिवस तोही जोर पुरत नाही.

जी रायफल झाडलीच नाही, तिचे काय? पावसाळ्यात कोतीत नुसती उभी असलेली रायफलही गंजते. तिलाही ठरावीक दिवशी उघडून, पुलथ्रूने चिंदी फिरवून तेलाचा हात द्यावा लागतो. “मी कोणाचे वाईट केले नाही,” असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना मी विशेष विनंती करतो. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात आपल्या सैनिकांना एम-१६ रायफल दिली. हिला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता. साफसफाईचे साहित्य अपुरे, शिक्षण अपुरे; शिवाय दारूचा प्रकार बदललेला, आणि काडतूस बसते त्या जागेला क्रोमचा मुलामा नव्हता. ऐन चकमकीत रायफली अडकल्या व माणसे प्राणांस मुकली. १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीने याची चौकशी केली. पुढे मुलामा दिला गेला, साहित्य पुरवले गेले, आणि १९६८ मध्ये निगा शिकवणारी सचित्र पुस्तिकाही सैनिकांच्या हाती आली. सगळा दोष त्या तरुणांचा नव्हता. त्यांना शस्त्र मिळाले, पण ते राखण्याची रीत मिळाली नाही. आपण मुलांना वचने पाठ करायला लावतो, बक्षिसे देतो. परंतु चुकल्यावर देवाकडे परत कसे यावे, भावाची क्षमा कशी मागावी, हे शिकवतो काय? तेवढे न शिकवता त्यांना वसतिगृहात, कारखान्यात, परगावी पाठवणे म्हणजे चिंदी-तेलाविना शिपाई पाठवणे होय.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. पोलादी गज वाकडातिकडा घासला तर नळीचे तोंड झिजते आणि नेम बिघडतो. फार तेल ओतले तर त्यावर धूळ बसते. रोज सगळे सुटे भागही उघडत नाहीत. शिपाई नेमलेले भाग उघडतो, बाकीचे काम शस्त्रकारागीर करतो. काही भाविक जीव क्षमा झालेले पाप रोज उकरून स्वतःला घासत बसतात. पेत्राने सर्वांग धुण्याची मागणी केली, तेव्हा प्रभूने त्याला सांगितले की, ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यापुरतीच गरज आहे. आपले स्नान ख्रिस्ताच्या रक्ताने एकदाच झाले आहे; ते पुन्हा करावे लागत नाही. पाय मात्र रोजच्या वाटेने मळतात, आणि ते धुण्यासाठी प्रभू स्वतः कमरेला रुमाल बांधून आपल्यापुढे वाकतो.

तेव्हा किती वेळा? वापरली त्याच दिवशी. न वापरली तरी नेमाने. आणि कामाला निघण्यापूर्वी एकदा नळीतून उजेड पाहून. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी ज्याचे नाव मनात सलते आहे, ते देवापुढे घ्या, आणि उद्या सकाळी त्याच्या दारी जा. प्रभू आपणांस तेवढे बळ देवो. आमेन.