पायाच्या शिरा पुन्हा फुगल्या म्हणून

अंबाजोगाई

ती. आत्या,


पायाच्या शिरा परत फुगल्या आणि ऑपरेशनचे पैसे पाण्यात गेले, असा तुझा निरोप धारूरहून आला. तसं समजू नकोस. रक्त पायातून वर चढतं ते शिरांमधल्या झडपांच्या भरवशावर. झडप निकामी झाली की रक्त खाली साचतं, शीर फुगते. ऑपरेशननं तेव्हाची खराब शीर काढली. शिरा कमजोर होण्याचा आजार मागे उरतोच. पुढे दुसरीच्या झडपा जातात. कधी जांघेत तोडलेल्या जागी बारीक नव्या शिरा फुटून जुनी वाट पुन्हा जुळते, तर कधी गुडघ्यामागची शीर पहिल्या वेळी राहून गेलेली असते. 5 वर्षांत पाचातल्या एकाला तरी हा त्रास परत होतो. त्यात तुझी बाळंतपणं, आणि वर्षानुवर्षं उसाच्या फडात उभं राहून तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. खाड्याच्या धाकानं तू बसत नाहीस, याचंच मला वाईट वाटतं.

आता आधी कलर डॉपलर सोनोग्राफी, तीही उभं राहून. रक्त नेमकं कुठून उलटं येतं हे कळल्याशिवाय पुन्हा ऑपरेशनला हो म्हणू नकोस. मोठी शीर असेल तर लेझरनं आतून बंद करतात, तेवढ्याच जागी भूल देऊन. वेड्यावाकड्या शिरांत फोमचं इंजेक्शन देतात. बहुतेकांना त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. तरी पुढेमागे शिरा परत येऊ शकतात, हे आत्ताच सांगून ठेवतो.

गुडघ्याखाली फडकं करकचून बांधतेस ते आजच सोड, त्यानं खालचं रक्त अडतं. त्याऐवजी मापाचे दाबाचे मोजे, अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे आणि रात्री काढायचे. पण पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय घेऊ नकोस. तू मिश्री लावतेस, आणि तंबाखूनं धमन्या अरुंद होतात. कोपीत टेकलीस की पाय गाठोड्यावर उंच ठेव. घोट्याजवळची काळी, खाजरी जागा नखानं ओरबाडू नकोस, तिथली जखम महिनोन्महिने भरत नाही. शीर फुटून रक्त वाहू लागलं तर लगेच आडवी हो, पाय वर घे, स्वच्छ कापडानं 10 मिनिटं न सोडता दाबून धर आणि मग दवाखाना गाठ.

दसऱ्यानंतर टोळी निघते. त्याआधी इथे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत ये. जुन्या ऑपरेशनचे कागद आण, कोणती शीर काढली ते त्यातच कळेल. मामांना सोबत घे, मुकादमाशी त्यांनाच बोलायचं आहे.

तुझा भाचा