बरे असतानाचा उपचार

कांद्याचा भाव सकाळी चढून दुपारी उतरला की लासलगावचा बाजार 'बायपोलर' झाला, एखाद्या पुढाऱ्याने पक्ष बदलला की तो 'बायपोलर', आणि काल हसून बोललेल्या मैत्रिणीने आज तोंड फिरवले की तीही 'बायपोलर', असे बोलण्याची रीत आमच्या नाशकात अलीकडे इतकी रुळली आहे की, तिला हरकत घेणाराच अरसिक ठरावा. अशा बोलण्याने रुग्णांच्या व त्यांच्या घरच्यांच्या भावना दुखावतात हे खरे. परंतु माझी तक्रार त्याहून गंभीर आहे. हा आजार म्हणजे मनाचा चंचलपणा, घटकेत हर्ष आणि घटकेत विषाद, अशी जी समजूत या बोलण्याच्या बुडाशी आहे ती मुळातच खोटी आहे, आणि तिची किंमत रुग्णांना प्राणांनिशी मोजावी लागते. उन्मादाचे निदान करावयाचे तर लक्षणे सामान्यतः आठवडाभर टिकलेली असावी लागतात, विषादाचे करावयाचे तर दोन आठवडे. आणि वैद्यकात ज्याला या विकाराचे शीघ्र आवर्तन म्हणतात त्याची व्याख्या वर्षातून चार किंवा अधिक झटके अशी आहे. ज्या आजाराची शीघ्रगतीही वर्षाच्या मापाने मोजावी लागते, त्याची तुलना सकाळ-दुपारच्या बाजारभावाशी करणे म्हणजे त्याचा प्राण जो काळ तोच काढून घेणे होय. माझे म्हणणे असे की, या आजाराचे मर्म त्याच्या दोन टोकांच्या मधल्या काळात आहे, ज्या काळात रुग्ण तुमच्या-माझ्याइतकाच शहाणा असतो.

ही दोन टोके जुन्या शास्त्रकारांना ठाऊक होती. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगताना भलत्या वेळी हसणारा, नाचणारा, गाणारा रुग्ण वातज उन्मादात घातला आणि एकांत शोधणारा, वाणी व हालचाल मंदावलेला रुग्ण कफज उन्मादात. वर्णने अशी की आजही ओळख पटावी, परंतु ती दोन निराळ्या व्याधींची आहेत. ग्रीक वैद्य अरेटियसने ती दोन्ही रूपे एकाच माणसात पाहिली. तेथून एकदम १८५४ च्या पॅरिसमध्ये यावयास हरकत नाही. तेथील वैद्यक अकादमीत फाल्रे आणि बायार्जे यांच्यात जो वाद झाला तो अग्रहक्काचा म्हणून इतिहासात नोंदला जातो, आणि तसा तो होताही. पण त्यात एक तात्त्विक भेद होता, तो सहसा कोणी सांगत नाही. बायार्जेच्या लेखी विषाद आणि उन्माद मिळून एक झटका झाला की व्याधीचे रूप पूर्ण होई. फाल्रेने मात्र आपल्या चक्राकार वेडाच्या व्याख्येत उन्माद व विषाद यांच्या जोडीला तिसरी अवस्था धरली, ती शुद्धीच्या मध्यंतराची. ज्या काळात रुग्णाला काहीही होत नसते तो काळही व्याधीच्या हिशेबात धरावयाचा, हा विचार त्या वेळी केवढा धाडसी होता याची कल्पना आज सहज येणार नाही.

जर्मन मनोवैद्य क्रेपेलिनचा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. प्रत्येक रुग्णाची हकीकत कार्डावर टिपून, तो सुटून गेल्यावर पुढे त्याचे काय झाले याचा वर्षानुवर्षे माग काढून, त्याने १८९९ साली जी उन्माद-विषादाची व्याधी वेगळी काढली, ती आजच्या लक्षणांवरून काढलेली नव्हती. तिला आधार आयुष्यभराच्या क्रमाचा होता. पुढे १९५७ साली लिओनहार्टने, १९६६ साली आंग्स्ट व पेरिस यांनी एकध्रुवीय आणि द्विध्रुवीय अशी वाटणी केली, १९८० साली अमेरिकन वर्गीकरणाने तीवर शिक्कामोर्तब केले, आणि त्या धामधुमीत ध्रुव तेवढे लोकांच्या ध्यानात राहिले, काळ विस्मरणात गेला. त्याच १९५७ साली आमच्या नाशिकच्या वसंत कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' रंगभूमीवर आले आणि मराठी प्रेक्षकाने मनोविकाराकडे गंभीरपणे पाहिले, हे त्या नाटकाचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि रंगभूमीला वेडाचा कडेलोट दाखविता येतो, मधल्या काळात नाट्य नसते. म्हणूनच साहित्याने तो काळ आपल्याला फारसा शिकविला नाही.

ज्या वळणाचा अर्थ सर्रास चुकीचा लावला जातो ते लिथियमचे. त्याची कथा ठरलेली आहे: जपान्यांच्या चांगी येथील युद्धकैदेतून सुटून आलेला जॉन केड, मेलबर्नजवळच्या बुंडूरा येथील रुग्णालय, लिथियम टोचल्यावर निपचित पडलेले गिनीपिग, आणि १९४९ सालचा दहा उन्मादी रुग्णांवरील निबंध. खवळलेल्या माणसाला शांत करणारे क्षारद्रव्य सापडले आणि क्रांती झाली, असा त्या कथेचा समारोप असतो. परंतु खवळलेल्या माणसाला निपचित पाडण्याची साधने वेड्यांच्या इस्पितळांत आधीही होती. केडच्या निबंधातील पहिल्याच रुग्णाची हकीकत वाचावी. पाच वर्षे उन्मादात असलेला हा गृहस्थ १९४८ च्या मार्चमध्ये लिथियम सुरू झाल्यावर जुलैत घरी गेला, आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. मग बरे वाटते म्हणून औषधात हयगय करू लागला, शेवटी ते सोडले, आणि १९४९ च्या जानेवारीत पुन्हा दाखल झाला. पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेने तो दगावला. या एका आयुष्यात सारा धडा लिहिलेला होता: औषध सुटले की आजार परततो, आणि मात्रेवर नजर नसली की तेच औषध मारते. केडला तो दिसला. जगाने गिनीपिग तेवढे लक्षात ठेवले.

तो धडा पुरा वाचला गेला डेन्मार्कमध्ये, आणि वाचणारे पहिले लोक डॉक्टर नव्हते. बोस्ट्रुप नावाच्या डॉक्टरने लिथियम दिलेल्या रुग्णांची, ते घरी गेल्यानंतर काही काळाने, उशिरा होणारा काही अपाय दिसतो का हे पाहण्यासाठी पुन्हा तपासणी केली. औषध थांबवावयाचे ठरले असताना काहींनी ते चालूच ठेवल्याचे त्याला आढळले, आणि कारण विचारता उत्तर एकच आले: याने आजार परत येत नाही. झटक्यावरचे म्हणून दिलेले औषध झटका नसताना घ्यावयाचे असते, हे ज्ञान ज्यांना आपण अज्ञ समजतो त्या रुग्णांनी आपल्या शहाणपणाच्या काळात मिळविले, ही गोष्ट मी मनोवैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी मानतो. मोगेन्स स्काउ, ज्याचा स्वतःचा भाऊ वारंवारच्या विषादाने पिडलेला होता, त्याने बोस्ट्रुपसह १९६७ साली ८८ स्त्रियांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड यांनी पुढच्याच वर्षी त्यावर कडक हरकत घेतली, आणि ती गैरवाजवी नव्हती: आपोआप चढणाऱ्या-उतरणाऱ्या आजारात औषधाचे श्रेय कोणते आणि काळाचे कोणते, हे आंधळ्या चाचणीवाचून कसे ठरावे? १९७० साली तशी चाचणी झाली. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ रुग्णांपैकी ४५ जणांना ते चालू ठेवले आणि ३९ जणांना, नकळत, तशाच दिसणाऱ्या निर्द्रव्य गोळ्या दिल्या. पाच महिन्यांत या ३९ पैकी २१ जणांचा आजार उलटला. ४५ पैकी एकाचाही नाही. फाल्रेने व्याख्येत धरलेले मध्यंतर येथे प्रथमच उपचाराचे क्षेत्र झाले.

हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडील दोन चुका एकाच अज्ञानातून कशा निघतात ते दिसते. पहिली चूक घरची. 'आता बरा झालाय, कशाला त्या गोळ्या?' हे वाक्य नाशिक जिल्ह्यात कोणत्या घरात बोलले जात नाही? त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी झाला, योगायोगाने झटकाही ओसरला, की विधीचा गुण आला असे ठरते आणि औषध बंद होते. मी श्रद्धेशी भांडत नाही. विधी करावा, गोळीही घ्यावी. पण ही गोळी नुसती गिळून भागत नाही. शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी रक्त द्यावयाचे, लिथियमची पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल राखावयाची, दीडच्या पुढे धोका, आणि अधूनमधून मूत्रपिंड व थायरॉइड तपासून घ्यावयाची. मीठ सोडण्याचा नेम धरला, ज्येष्ठात निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पाण्यावाचून घाम गाळीत चालले, जुलाब लागले, किंवा गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक आणून खाल्ले, की तीच पातळी चढते, हात थरथरतात, तोल जातो. नवरात्रातले जागरणही या माणसाला सोसत नाही, कारण उन्मादाची पहिली वर्दी बहुधा झोप देते: दोन तास झोपूनही तो टवटवीत असतो, पहाटे तीनला कपाटे आवरतो, सकाळी द्राक्षबागेचा नवा बेत सांगतो आणि संध्याकाळपर्यंत उधारीवर ट्रॅक्टर ठरवून येतो. ही वर्दी ओळखण्याची वेळ मधल्या काळातलीच असते.

दुसरी चूक समाजाची. घर म्हणते तो पुरता बरा आहे. समाज म्हणतो तो कधीच बरा नव्हता. म्हणून त्याची सोयरीक मोडते, नोकरीत बढती अडते, वाटणीच्या कागदावर त्याची सही नको म्हणतात. आणि गमतीची गोष्ट नव्हे, लाजेची गोष्ट ही की, आपला कायदा या बाबतीत आपल्याहून पुढे होता. १८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम स्पष्ट सांगते की, एरवी विकल मनाचा पण मधूनमधून शुद्धीवर असणारा माणूस त्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्णही. दीडशे वर्षांपूर्वी ज्या माणसाच्या खरेदीखताला सरकार दरबारी मान्यता होती, त्याच्या शब्दाला आज त्याच्या ओसरीवर मान्यता नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, त्याने हीच दृष्टी पुढे नेली. आजारी पडल्यास माझ्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, माझ्या वतीने कोणी बोलावे, हे शहाणपणाच्या काळात लिहून ठेवण्याचा अधिकार त्याने प्रत्येक सज्ञान माणसाला दिला. बोस्ट्रुपच्या रुग्णांनी जे ठरलेल्या बंदीविरुद्ध केले, ते येथे सनदशीर झाले. परंतु दप्तरात पडून राहिलेला अधिकार कोणाच्या कामाचा? ज्या विद्यापीठाची मोहोर हजारो डॉक्टरांच्या पदव्यांवर उमटते ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात आहे. मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्ण स्थिर झाल्यावर त्याच्याकडून अशी सूचना लिहून घेण्याचा परिपाठ प्रथम याच जिल्ह्यात पडावा, ही माझी मागणी आहे. त्यासाठी नवे औषध लागत नाही, नवे इस्पितळ लागत नाही. रुग्ण बरा असतो तेव्हा त्याला समोर बसवून विचारावे लागते, त्याचे उत्तर लिहावे लागते, आणि झटका आला असता ते पाळावे लागते.