सातवे वर्ष

अमेरिकेत भाड्याचे घर मागणाऱ्याची पत बहुधा ३०० ते ८५० या अंकांत मोजली जाते. हप्ता इस्पितळाच्या बिलापायी थकला की उधळपट्टीपायी, हे तो अंक सांगत नाही. मात्र १९७० च्या कायद्यानुसार बहुतेक थकबाकीची नोंद सात वर्षांनी अहवालातून गळते. जुन्या करारातही ऋणमुक्तीचे वर्ष सातवेच. शिवाय ते जवळ आले म्हणून गरजूपुढे हात आखडू नये, अशी अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात ताकीद आहे.

घरमालकाची भीती खोटी नव्हे. हप्ते त्यालाही असतात. पण मागच्या घराचे भाडे वेळेवर दिले होते का, एवढे तरी त्याने विचारावे. आमच्या माडीवरील खोली मागायला आलेल्या कुटुंबाचे कर्ज थकल्याचे दलालाकडून कळले, तेव्हा आम्ही तेवढेही विचारले नाही.