राळ्याचे दाणे

सोलापूरच्या भवानी पेठेत वाढलेल्या माणसाला यंत्रमागाचा आवाज वेगळा असा ऐकू येत नाही. तो श्वासासारखा असतो, थांबला की दचकायला होतं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास वीज गेली आणि आमच्या बोळातले सगळे माग एका दमात गप्प झाले. भाची आणि मी वरच्या खोलीत लॅपटॉपवर मासाकी कोबायाशी यांचा 'क्वैदान' पाहत होतो. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला. पडद्यावर एक सामुराई कित्येक वर्षांनी आपल्या पहिल्या बायकोच्या पडक्या घराचा उंबरा ओलांडत होता, आणि नेमकी तेव्हाच बाहेरची खटखट थांबली. भाची प्रसूतीच्या वॉर्डात नर्स आहे. रक्ताला आणि किंकाळीला न बिचकणारी पोरगी, पण तिनं अंधारात माझं मनगट घट्ट धरलं.

'क्वैदान' म्हणजे चार भयकथांचा तीन तासांचा चित्रपट. 1965 साली कान महोत्सवात त्याला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. कथा लाफ्कादिओ हर्न यांच्या पुस्तकांतल्या. हा माणूस 1890 साली जपानला गेला आणि तिथलाच झाला. यातल्या कितीतरी कथा त्याच्या बायकोनं, सेत्सु कोइझुमीनं, रात्री बसून त्याला सांगितलेल्या. पुस्तकावर नाव नवऱ्याचं असलं तरी त्यातला आवाज पुष्कळसा तिचा आहे.

पहिली कथा 'काळे केस'. हलाखीत आलेल्या सामुराईचं घर त्याची बायको विणकाम करून चालवते. श्रीमंत घरची मुलगी आणि हुद्दा मिळतो म्हणून तो तिला टाकून जातो. वर्षं उलटल्यावर पस्तावून परत येतो. अंगणात गवत माजलंय, फरशीच्या फळ्या कुजल्यात, पण आतल्या खोलीत दिवा आहे आणि ती चरख्याशी बसली आहे, तशीच तरुण. एका शब्दानं दोष देत नाही. सकाळी त्याला जाग येते तेव्हा शेजारी असतो तो कुजलेला देह आणि लांबच लांब काळे केस. तोरू ताकेमित्सू यांनी या प्रसंगाला दिलेले आवाज लाकूड चिरल्यासारखे, फुटल्यासारखे आहेत आणि ते दृश्याशी जुळवलेलेच नाहीत. तो धडपडतो, फळी मोडते, पण कानावर काहीच येत नाही. मग कुठून तरी, उशिरानं, तडा गेल्याचा आवाज येतो. माग बंद पडलेल्या आमच्या बोळात ती शांतता पडद्यावरची कुठली आणि पेठेतली कुठली, हे कळेना.

आम्ही दोघी भ्यालो, हे खरं. पण ते भय आमचं नव्हतं. सूत कातणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या बायांच्या गल्लीत वाढलेल्या आम्हाला त्या बाईचं काहीच परकं वाटलं नाही. भ्यायचं होतं त्यानं, आणि आम्ही पूर्णपणे तिच्या बाजूनं होतो. तेव्हापासून कुठलीही भयकथा समोर आली की मी आधी एकच गोष्ट बघते: हिच्यात भ्यायचं कुणी?

हा प्रश्न मला खरं तर जपानच्या आधी शेजारच्या अव्वानं शिकवला होता. अव्वा पद्मशाली, घरची भाषा तेलुगू. मराठी बोलायची ती तुटक, पण गोष्ट सांगताना अडखळायची नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता. पत्र्याच्या मापानं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्या की एक हिशेब पुरा. तिच्या बोटांची टोकं तपकिरी झाली होती आणि ती धुऊनही तशीच राहायची. संध्याकाळी आम्ही पोरी तिच्याभोवती बसायचो. गोष्टीतल्या बाईला ती 'दय्यम' म्हणायची, आमच्या घरी तिलाच 'अलवंतीण' म्हणत, पलीकडच्या कानडी घरात 'देव्वा'. नावं तीन, बाई एकच: बाळंतपणात मेलेली.

अव्वा सांगायची की अशी बाई गेली की तिला नेताना मागच्या वाटेवर राळे टाकत जायचे. ती परत यायला निघाली तर तिला एकेक दाणा वेचून मोजावा लागतो, मोजून होईतो कोंबडा आरवतो आणि तिला मागे फिरावं लागतं. उंबऱ्यात खिळे ठोकायचे ते वेगळेच. आम्ही विचारायचो, "अव्वा, ती परत कशाला येते?" अव्वा विडीचा दोरा दातानं तोडायची आणि म्हणायची, "लेकरू इथं राहिलं की तिचं." एवढंच. तिच्या गोष्टीतली बाई कुणाचा गळा धरत नव्हती. अंगणात उभी राहायची आणि पाळण्याकडे बघायची. भ्यायची ती सासू, कारण कळा सुरू झाल्यावर दोन दिवस दवाखान्यात न्यायला तिनं नको म्हटलेलं असायचं. प्रत्येक वेळी गाव बदलायचं, हे दोन दिवस तेवढे बदलायचे नाहीत.

ही बाई किती दूरवर पसरली आहे ते आशियातले चित्रपट बघताना कळतं. थायलंडमध्ये ती 'माए नाक'. नवरा लढाईवर गेलेला असताना बाळंतपणात मेली, तरी तो परत आल्यावर त्याच्यासाठी रांधत राहिली. नोन्झी निमिबुत्र यांनी 1999 साली तिच्यावर 'नांग नाक' केला. मलाया-इंडोनेशियात ती पोंतियानाक, जपानात उबुमे. हे सगळे देश एकमेकांकडून गोष्टी उसन्या घेत बसले असतील असं मला वाटत नाही. भात लावणाऱ्या, कापड विणणाऱ्या या सगळ्या मुलखांत बाई मरण्याची एक नेहमीची जागा बाळंतिणीची खोली होती. त्या मरणाचा कुठे गुन्हा नोंदला जात नव्हता. लोकांनी तो गोष्टीत नोंदवला.

इथे माझे एक स्नेही मला अडवतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात त्यांनी उमेदीची वर्षं घातली आहेत. त्यांचं म्हणणं, तुम्ही शिकलेली माणसं याला लोकस्मृती म्हणता, पण गावात याचा अर्थ एवढाच होतो की भूत असतं. आणि भूत असतं म्हटलं की ते काढणारा मांत्रिक येतोच. त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. आमचा जिल्हा सीमेवरचा. धाराशिव-लातूरपासून बीदर-कलबुर्गीपर्यंतच्या पट्ट्यात भानामतीनं किती घरं नासवली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, बाया भुंकू लागतात. मग बोट फिरत फिरत कुणावर तरी थांबतं. ते थांबतं ती बहुधा एकटी विधवा असते, नाहीतर जमिनीचा तुकडा नावावर असलेली म्हातारी. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं याविषयी.

मला वाटतं, स्नेह्यांचा राग आणि माझी आवड यांचं भांडण नाही. भानामती जिवंत बाईकडे बोट दाखवते. अलवंतिणीची गोष्ट मेलेल्या बाईच्या वतीनं जिवंत माणसांकडे बोट दाखवते. पहिलीत दुबळ्यानं भ्यायचं असतं, दुसरीत ज्याच्या हातात सत्ता होती त्यानं. दोन्हीकडे भूत आहे म्हणून दोन्ही एक समजणं म्हणजे सुरी दिसली की भाजी चिरणारा आणि गळा चिरणारा यांना एकाच रांगेत उभं करणं. मात्र एक मी कबूल करते. आपल्याकडचे पुष्कळ भयपट ही रेघ पुसून टाकतात. शेवटी मांत्रिक येतो, बाईला केसाला धरून आपटतो, भस्म फेकतो, आणि 'बाधा' जाते. तिच्यावर काय गुदरलं होतं ते कुणी विचारत नाही. कायद्यानं ज्याला गुन्हा म्हटलं तेच तिथे उपाय म्हणून दाखवलेलं असतं. अशा चित्रपटांबद्दल माझे स्नेही जे बोलतात त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही 'थ्री... एक्स्ट्रीम्स' लावला. 2004 सालचा, तीन देशांतल्या तीन दिग्दर्शकांचा. हाँगकाँगचे फ्रूट चॅन, कोरियाचे पार्क चॅन-वूक आणि जपानचे ताकाशी मिइके. त्यातला चॅन यांचा भाग माझ्या मनातून अजून जात नाही. 'डम्प्लिंग्ज', म्हणजे सारण भरून उकडलेल्या आपल्या मोदकांसारख्या पुऱ्या. वय झालेली, नवरा दुरावलेली एक जुनी नटी मेई नावाच्या बाईकडे या पुऱ्या खायला येते. त्यांनी तारुण्य परत येतं म्हणे. सारण कशाचं, ते हळूहळू उलगडतं: सीमेपलीकडच्या चीनमधल्या दवाखान्यातून आणलेले गर्भ. खाताना दातांखाली होणारा बारीक कुरकुर आवाज दिग्दर्शक आपल्याला पुरता ऐकवतो. मध्येच एक आई शाळकरी मुलीला घेऊन मेईकडे येते. मुलगी बापापासून गरोदर. गर्भ काढला जातो, रक्त थांबत नाही, मुलगी मरते. आणि त्यानंतर काहीच होत नाही. कुणी परत येत नाही, आरशात चेहरा दिसत नाही, दार आपोआप उघडत नाही. धंदा चालूच राहतो.

भाची उठून गॅलरीत गेली. परत आल्यावर म्हणाली, "मावशी, यात भूत का नाही गं?" मला वाटतं, तिचा प्रश्न म्हणजेच त्या चित्रपटाचं मर्म आहे. भूत येतं तिथे निदान कुणीतरी हिशेब मागायला येतं. या गोष्टीत हिशेब मागणाऱ्याचीसुद्धा पुरी झाली आहे.

हे हाँगकाँगचं म्हणून बाजूला टाकता येत नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच, 1988 साली. तरीही शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 2001 साली 913 मुली होत्या, 2011 ला 894. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'नं या आकड्यांना उसात आणून उभं केलं. सावकारांपासून लपायला आलेलं जोडपं, बायको पोटुशी, आणि घराभोवती डोक्यावर उंच ऊस. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला उसाची भीती समजवावी लागत नाही. फडात शिरलं की चार सऱ्यांपलीकडे वाट कळत नाही, पाती अंग कापतात, आणि हाक मारली तरी बांधापर्यंत पोचत नाही. त्या उसात खेळणारी पोरं आणि उषा नाईक यांनी उभी केलेली तुळसाबाई, यांत नक्की कुणाला भ्यायचं ते चित्रपट आपल्याला उशिरा, पण स्वच्छ सांगतो. पुढे त्याचीच हिंदीत 'छोरी' झाली. काही जागी तो गरजेपेक्षा जास्त दचकवतो, हे मला खटकलं. पण त्यानं दोष विहिरीवर किंवा पिंपळावर ढकलला नाही, घरातल्या माणसांवर ठेवला.

मराठीत ही वाट नवी नाही. रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या, आणि त्याच हातानं दलितांवरच्या अत्याचाराचं 'लोककथा 78' लिहिलं. समीक्षकांनी मात्र गूढकथेला बराच काळ दिवाणखान्याबाहेरच बसवलं, ती करमणुकीची म्हणून. ज्या लेखकाला अन्यायाची चीड येते त्यालाच दबलेल्या गोष्टी रात्री वर येताना दिसतात, असं मला मतकरी वाचताना नेहमी वाटत आलं. आखूड कथेला इथे फायदाही आहे. तीन तासांच्या एकाच चित्रपटाला भुताचा उगम, उपाय, शेवट सगळं द्यावं लागतं. वीस-चाळीस मिनिटांच्या गोष्टीत एकच अपराध असतो आणि तो फेडल्याशिवाय ती संपते. तो उरतो, पाहणाऱ्याकडेच.

2018-20 च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू झाले. देशाचा आकडा 97 होता, म्हणजे आपण पुष्कळ पुढे आहोत, आणि त्यामागे भाचीसारख्यांचे जागरणाचे कष्ट आहेत. मी हे तिला म्हटलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिच्या पाळीत अशी एक गेली होती, ऊसतोडीच्या टोळीतली, उशिरा आणलेली. नातेवाईक घाईत होते, ट्रॅक्टर थांबला होता. रजिस्टरमध्ये लिहायला तिनं नाव विचारलं, तर तिघांनी तीन नावं सांगितली, माहेरचं, सासरचं आणि एक लाडाचं. तिनं तिन्ही लिहिली.

मी तिला अव्वाची गोष्ट सांगितली. ती शहरात वाढलेली, तिनं राळे पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो आणले. आता ते पौष्टिक म्हणून पाकिटात मिळतात. पितळी ताटात मूठभर ओतले. पिवळे, मोहरीएवढे दाणे ताटभर पळाले. भाची चष्मा लावून बसली आणि बोटाच्या टोकानं एकेक दाणा बाजूला सारत मोजू लागली. खाली माग चालू होते. साठाच्या पुढे कुठेतरी तिचं चुकलं. तिनं सगळे दाणे पुन्हा एकत्र केले आणि एकपासून सुरुवात केली.