दोष कोणाचा, जाब कोणाला

दोष आणि उत्तरदायित्व यांची राजकीय नीतिविचारात नेहमी गल्लत होते. दोष सिद्ध करायचा तर एखाद्या व्यक्तीचा हेतू किंवा तिचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. उत्तरदायित्व पदाला चिकटलेले असते: त्या पदावरून काय कळू शकत होते आणि काय करता येत होते, यावर ते ठरते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर हा भेद केवळ पुस्तकी राहिला नाही.

नॉर्थ केन्सिंग्टनमधली ही २४ मजली इमारत स्थानिक कौन्सिलच्या मालकीची होती. १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून आग लागली, खिडकीतून बाहेर पडली आणि बघता बघता बाहेरच्या आवरणावरून छपरापर्यंत चढली. ७२ माणसे गेली. त्या आवरणाचे तक्ते आगीच्या वर्षभर आधीच संपलेल्या नूतनीकरणात बसवले होते. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे दोन ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये तीन मिलिमीटर पॉलिएथिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. आधी जस्ताचे तक्ते ठरले होते. हे स्वस्त पडले. ‘घरातच थांबा’ हा रहिवाशांना दिलेला सल्ला पहाटे २.४७ पर्यंत मागे घेतला गेला नाही.

महाभारतातल्या लाक्षागृहाचा न्याय करणे सोपे आहे, कारण तिथे हेतू उघड आहे आणि ते घर उभारणारा पुरोचनही माहीत आहे. ग्रेनफेलमध्ये कोणालाच कोणाला जाळायचे नव्हते. विदुराचे, म्हणजे आधीच सावध करण्याचे, काम मात्र इथेही झाले होते. २००९ मध्ये दक्षिण लंडनच्या लाकानल हाउसमध्ये सहा जण आगीत मेले. त्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०१३ मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांना पत्र पाठवून अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शक नियमावलीचा फेरविचार सुचवला. चार वर्षांनी ग्रेनफेल जळाले तेव्हाही सुधारित नियमावली आलेली नव्हती.

वास्तुविशारद, ठेकेदार, उत्पादक, तपासनीस, कौन्सिल आणि सरकारी खाते यांची आगीनंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे इतकी टोलवाटोलवी चालली, की आयोगाच्या वकिलांनाच ती बोलून दाखवावी लागली. राज्यशास्त्रज्ञ डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये हीच अडचण ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हणून मांडली होती. जबाबदारी वडिलोपार्जित जमिनीसारखी वाटण्या होऊन लहान होत जाते, असे या टोलवाटोलवीत गृहीत धरलेले असते. ते चूक आहे. दोघांपैकी कोणीही अनर्थ थांबवू शकत होता, म्हणून एकाचीही जबाबदारी निम्मी होत नाही.

‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव अधिक गंभीरपणे तपासावा लागतो. जे जाणून घेणे आपल्या हातात होते त्याचे अज्ञान माणसाला सोडवत नाही, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी मांडले. मंत्र्याच्या बाबतीत तर माहिती घेणे हेच काम. इमारतींचे नियम सरकारच्या नियमकपातीच्या धोरणातून वगळलेले होते, असे पिकल्स यांनी साक्षीत सांगितले. सर मार्टिन मूर-बिक यांच्या आयोगाने सप्टेंबर २०२४ च्या अहवालात त्या वेळच्या कागदपत्रांच्या आधारे हे नाकारले. नियमकपातीच्या नादात जीविताच्या सुरक्षेचे विषयही दुर्लक्षिले वा लांबवले गेले, असा निष्कर्ष काढला. सगळे मृत्यू टाळता आले असते, असेही अहवाल जाहीर करताना मूर-बिक म्हणाले.

राजीनाम्याने हा हिशेब कितपत चुकता होतो? कौन्सिलचे नेते निकोलस पॅजेट-ब्राउन यांनी जून २०१७ अखेर पद सोडण्याचे जाहीर केले. तो शिष्टाचार झाला. जाब देणे म्हणजे कोणती सूचना कधी आली आणि तिचे काय केले, हे उघडपणे सांगणे. त्यासाठी पद सोडलेल्यालाही बोलवावे लागते, आणि आयोगाने तसे बोलावलेही.

२०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने इंग्लंडमधल्या १८ मीटर किंवा सात मजल्यांपासून पुढच्या निवासी इमारतींसाठी ‘उत्तरदायी व्यक्ती’ ठरवून दिली. ती इमारत सांभाळणाऱ्यांपैकी असते, नियम लिहिणाऱ्यांपैकी नव्हे. वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली अग्निसुरक्षा एकाच मंत्र्याकडे द्यावी, ही शिफारस २०२४ च्या अहवालाने केली, आणि १ एप्रिल २०२५ पासून गृहखात्याकडचे अग्निशमनाचे काम गृहनिर्माण खात्याकडे गेले.