वाटेत पडलेला गडी

“मी काही मुद्दाम केले नाही” हे वाक्य आपल्या मंडळ्यांत किती वेळा ऐकू येते! ते एकदा उच्चारले की प्रकरण मिटले असे आपण धरून चालतो. ते खरेच मिटते काय, हा विचार मला एका परक्या खेळाच्या नियमाने करायला लावला.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये धावणारा गडी तीन बेस ओलांडून चौथ्या, म्हणजे घरच्या बेसला पोहोचला की एक धाव होते. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी सेंट लुइस येथे वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना होता. नववा डाव, दोन्ही संघ ४-४. बॉस्टनच्या कॅचरने तिसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू भलतीकडे गेला. तो अडवण्यासाठी झेप घेतलेला मिडलब्रुक्स जमिनीवर आडवा झाला, आणि घराकडे धावू पाहणारा सेंट लुइसचा ॲलन क्रेग त्याच्यावर अडखळून पडला. क्रेग उठून पळाला खरा, पण बेस गाठण्याआधी त्याला चेंडू लावला गेला. एरवी तो बादच. परंतु तिसऱ्या बेसजवळचे पंच जिम जॉइस यांनी अडथळ्याची खूण केली होती. घरच्या बेसवरील पंचांनी धाव दिली व सामना तेथेच संपला.

तो बिचारा पडलेला होता, जाणार कोठे? असे कोणीही म्हणेल. पण हा नियम हेतू विचारीतच नाही. चेंडू हाती असताना किंवा तो अडवताना क्षेत्ररक्षकाला वाटेत राहण्याचा हक्क आहे. चेंडू हुकून पुढे गेला की तो हक्क संपला. अशा वेळी पंच खूण करतात, खेळ पुरा होऊ देतात, मग ठरवतात की अडथळा नसता तर हा गडी कोठवर पोहोचला असता. तेवढे त्याला मिळते. आडव्या पडलेल्याला मात्र कोणी लबाड ठरवीत नाही, मैदानाबाहेरही काढीत नाही.

आपल्या क्रिकेटचा कायदा निराळा. फेब्रुवारी १९९९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर सचिन तेंडुलकर धावताना शोएब अख्तरवर आदळला आणि धावबाद झाला. प्रेक्षक खवळले, पण निर्णय नियमाप्रमाणेच होता. क्षेत्ररक्षकाने मुद्दाम अडवले असेल तरच तेथे दोष धरतात. मला स्वतःला हा कायदा अपुरा वाटतो.

पवित्र शास्त्र हेतूही पाहते. नकळत मनुष्यवध करणाऱ्यासाठी शरणपुरे होती. परंतु लेवीयच्या ५ व्या अध्यायात, पवित्र वस्तूंविषयी चुकून अपराध घडला तरी भरपाई करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितले आहे. दोष सौम्य झाला म्हणून देणे फिटत नाही. रोमकरांस लिहिताना पौलही, निर्मळ मनाने खाणाऱ्यालाच भावाला लागणाऱ्या ठेचेची काळजी घ्यायला सांगतो.

याच जॉइस यांच्या हातून जून २०१० मध्ये मोठी चूक झाली होती. बाद असलेल्या फलंदाजाला त्यांनी नाबाद ठरवले आणि गालारागा या पिचरचा अतिशय दुर्मीळ विक्रम हुकला. सामन्यानंतर त्यांनी रडत रडत प्रत्यक्ष गालारागाची क्षमा मागितली. विक्रम परत आला नाही.

हे वाचताना मी थांबलो. शब्बाथशाळेत वचन चुकलेल्या एका मुलाला मी एकदा सर्वांदेखत थांबवून दुरुस्त केले होते. मुले हसली. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. मी त्याच्या आईंना म्हणालो, “बाई, माझ्या मनात तसे काही नव्हते.” त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे, मास्तर.” मी निश्चिंत होऊन घरी आलो. मुलाला भेटलोच नाही. तो कोठवर पोहोचला असता, हे मी कधी विचारले नाही.

आता तो नोकरीला आहे. संध्याकाळी किती वाजता घरी येतो, ते मी गेल्या रविवारी त्याच्या आईंना विचारून ठेवले आहे.